खंभातच्या आखातावर रडार लावताना : एका सेटिंग-पत्रकावर भाष्य

किनाऱ्यावर अँटेना उभारून समुद्राच्या पृष्ठभागावरचा प्रवाह मोजणारी रडारं भारतात जोडीजोडीने बसवलेली आहेत. गुजरात, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, ओडिशा आणि अंदमान अशा त्यांच्या जागा आहेत. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने ती उभारली आणि त्यांची माहिती हैदराबादच्या इन्कॉईस केंद्रात जमा होते. गुजरातची जोडी खंभातच्या आखातावर नजर ठेवते. तिचं एक केंद्र पूर्व किनाऱ्यावर वांसी-बोरसीला आणि दुसरं पश्चिम किनाऱ्यावर जेगरीला आहे. ही सगळी लांब पल्ल्याची, ४.४ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारी रडारं आहेत.

पुढचं पत्रक यांपैकी कुठल्याही केंद्राची नक्कल नाही. लांब पल्ल्याचं रडार उघड्या समुद्राकडे तोंड करून लावायचं असेल तर वेळ आणि पल्ला यांची सेटिंग साधारण कशी भरावी, त्याचा हा मी बांधलेला नमुना आहे. उघड्या समुद्रावर तो चांगला चालतो. खंभातचं पाणी मात्र वेगळं आहे. भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो आणि उधाणाला प्रवाह सेकंदाला अडीच-तीन मीटरने धावतो. म्हणून प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा आहे : ती खंभातला टिकते का? काही ओळी टिकतात. काही बदलाव्याच लागतात, आणि त्या न बदलता मोजलेला समुद्र हा खंभातचा समुद्र नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

ओळ १. मध्य वारंवारिता : ४.४६३ मेगाहर्ट्झ

हा आकडा आधी कायद्यातून आणि मग भौतिकीतून येतो. २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेने समुद्र मोजणाऱ्या रडारसाठी ठरावीक पट्टे राखून दिले. त्यांतला एक पट्टा ४,४३८ ते ४,४८८ किलोहर्ट्झचा आहे आणि ४,४६३ हा त्याचा बरोबर मध्य. या पट्ट्यात रडार पाहुणा असतो. आधीपासून तिथे असलेल्या स्थिर आणि फिरत्या रेडिओसेवांना त्याने त्रास द्यायचा नाही, ही अट आहे.

भौतिकीच्या बाजूने पाहिलं तर या वारंवारितेची रेडिओलहर ६७.२ मीटर लांब असते. १९५५ साली न्यूझीलंडच्या डग्लस क्रॉम्बीने १३.५६ मेगाहर्ट्झवर समुद्राचा प्रतिध्वनी तपासला. रेडिओलहरीच्या निम्म्या लांबीच्या सागरलाटाच जोरकस उत्तर देतात, हे त्याच्या ध्यानात आलं. आपल्या पत्रकात अशा लाटेची लांबी ३३.६ मीटर येते. खोल पाण्यात ती सेकंदाला ७.२४ मीटरने चालते. त्यामुळे पडद्यावरच्या डॉप्लर स्पेक्ट्रममध्ये शून्याच्या दोन्ही अंगांना, ०.२१५६ हर्ट्झवर, दोन उंच शिखरं दिसतात. उजवीकडचं शिखर रडारकडे येणाऱ्या लाटांचं, डावीकडचं दूर जाणाऱ्या लाटांचं. पाण्याला स्वतःचा प्रवाह असेल तर दोन्ही शिखरं एकाच दिशेने सरकतात. हे सरकणं म्हणजेच मोजमाप. सेकंदाला एक मीटर प्रवाह शिखराला ०.०२९८ हर्ट्झने हलवतो. पुढच्या जवळजवळ प्रत्येक ओळीत हा आकडा लागणार आहे.

प्रवाह नेमका किती खोलीचा मोजला जातो? स्ट्युअर्ट आणि जॉय यांच्या १९७४ च्या मांडणीप्रमाणे लाटेच्या लांबीला ४π ने भागायचं. म्हणजे वरच्या सुमारे २.७ मीटर थराचा. होडी ज्या पाण्यात तरंगते तोच हा थर.

एक गोष्ट पत्रकात लिहिलेली नाही, पण ती पहिल्या ओळीच्या पोटात आहे. ही रेडिओलहर खाऱ्या पाण्याला धरून क्षितिजापलीकडे जाते, कारण खारं पाणी विजेचं चांगलं वाहक आहे. खंभातमध्ये नर्मदा, तापी, मही आणि साबरमती येऊन मिळतात. पावसाळ्यात वरचं पाणी गोडसर झालं की लहर लवकर क्षीण होते आणि पल्ला आखडतो. ऑगस्टमध्ये दूरचे कप्पे रिकामे दिसू लागले तर अँटेनाची केबल उपसण्याआधी नद्यांचा पूर पाहावा.

ओळ २. स्वीपची रुंदी : २५ किलोहर्ट्झ

रडार एकाच सुरावर थांबत नाही. तो सूर ठरावीक पट्ट्यात सरकवत नेतो, याला स्वीप म्हणतात. पट्टा जितका रुंद तितका पल्ल्याचा कप्पा बारीक. प्रकाशाचा वेग भागिले रुंदीची दुप्पट, हे सूत्र. २५ किलोहर्ट्झला कप्पा ६ किलोमीटरचा होतो. राखीव पट्टा सगळा मिळून ५० किलोहर्ट्झचा असल्याने फार तर ३ किलोमीटरपर्यंत उतरता येईल, त्याखाली नाही.

इथे शंका येते की ३ किलोमीटर शक्य असताना ६ वर का थांबावं? खंभातमध्ये वाळूचे दांडे आहेत, दांड्यांमधून खोल वाटा आहेत आणि या वाटांमधला प्रवाह शेजारच्या प्रवाहापेक्षा वेगळा असतो. समाधान असं की रुंदी दुप्पट केली की प्रत्येक कप्प्यातलं समुद्राचं क्षेत्र निम्मं होतं आणि प्रतिध्वनीही निम्मा. शिवाय सगळा राखीव पट्टा व्यापला की दुसऱ्या कुणाचा आवाज आत आला तर बाजूला सरकायला जागा उरत नाही. आखाताच्या आतल्या भागासाठी ३ किलोमीटरचा आग्रह समजण्यासारखा आहे. पण दोन्ही केंद्रांनी एकाच वेळी बदल केला तरच त्याचा उपयोग, आणि दूरचे कप्पे त्यात गमवावे लागतील. मी ६ वर थांबेन.

ओळ ३. स्वीपचा वेग : सेकंदाला १

या ओळीत एक सोय दडलेली आहे. सेकंदात २५ किलोहर्ट्झ सरकणारा सूर ६ किलोमीटरवरून परत येतो तेव्हा त्याला ४० मायक्रोसेकंद लागलेले असतात. तेवढ्या वेळात पाठवणारा सूर १ हर्ट्झने पुढे गेलेला असतो. म्हणजे परत आलेल्या आणि चालू सुरांमधला फरक १ हर्ट्झ असेल तर पहिला कप्पा, १० हर्ट्झ असेल तर दहावा. पल्ला थेट हर्ट्झमध्ये वाचता येतो.

प्रत्येक कप्प्याचं मोजमाप सेकंदाला एकदा होत असल्याने डॉप्लरची मर्यादा ±०.५ हर्ट्झ ठरते. डेटा वाचवण्यासाठी स्वीप दोन सेकंदांचा केला तर ही मर्यादा ±०.२५ वर येते. आपलं शिखर ०.२१५६ वर आहे, म्हणजे काठाला उरतात फक्त ०.०३४ हर्ट्झ. सेकंदाला १.१६ मीटरपेक्षा जास्त प्रवाह आला की शिखर काठ ओलांडतं आणि उलट्या बाजूने आत येतं. उघड्या समुद्रावर ही चूक कधी दिसणारही नाही. खंभातला उधाणाच्या दिवसांत प्रत्येक भरती-ओहोटीत दिसेल. म्हणून ही ओळ आहे तशीच ठेवावी.

वेग वाढवण्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. लाटेचा स्वतःचा डॉप्लरही पल्ल्याच्या हर्ट्झमध्ये मिसळतो. ०.२१५६ हर्ट्झ म्हणजे कप्प्याचा पाचवा हिस्सा, सुमारे १.३ किलोमीटर. येणाऱ्या आणि जाणाऱ्या लाटांची शिखरं त्यामुळे एकाच कप्प्यात असूनही परस्परांपासून २.६ किलोमीटर सरकलेल्या पाण्याबद्दल बोलतात. स्वीप सेकंदाला २ केला तर हे अंतर निम्मं होईल. ६ किलोमीटरच्या कप्प्यात ते खपून जातं, ३ किलोमीटरच्या कप्प्यात खपणार नाही. ओळ २ बदलायची तर ओळ ३ कडेही पाहावं लागेल ते यासाठीच.

ओळ ४. प्रसारण १,००० मायक्रोसेकंद, विराम १,००० मायक्रोसेकंद

पाठवणारा आणि ऐकणारा अँटेना शेजारी-शेजारी असतात. सतत पाठवत राहिलं तर स्वतःच्याच आवाजात समुद्राचं उत्तर बुडतं. म्हणून स्वीपचे तुकडे पाडतात. एक मिलिसेकंद पाठवायचं, एक मिलिसेकंद ऐकायचं. याचा परिणाम असा की सगळे पल्ले सारखे ऐकू येत नाहीत. १५० किलोमीटरवरचा प्रतिध्वनी बरोबर विरामात, पूर्णपणे येतो. ३० किलोमीटरवरच्याचा पाचवा हिस्साच मिळतो, ६ किलोमीटरवरच्याचे शेकडा ४. आणि ३०० किलोमीटरवरचा प्रतिध्वनी येतो तेव्हा रडार पुन्हा बोलत असतं, त्यामुळे तो कधीच ऐकू येत नाही.

आखातातलं पाणी जवळचं आहे, मग प्रसारण आणि विराम दोन्ही ५०० मायक्रोसेकंदांवर आणावेत का? तसं केलं तर उत्तम ऐकण्याची जागा ७५ किलोमीटरवर येईल, ३० किलोमीटरवरच्या प्रतिध्वनीचे शेकडा ४० मिळतील, पण १५० किलोमीटरवर रडार आंधळं होईल आणि दक्षिणेकडे अरबी समुद्रात उघडणारं आखाताचं तोंड हातचं जाईल. मला हा सौदा पटत नाही. जवळचा प्रतिध्वनी मुळातच इतका बलवान असतो की त्यातला थोडासा तुकडाही पुरतो. विरामाची ही कात्री जवळच्यांना दाबते आणि दूरच्यांना उचलते, त्यामुळे ग्राहकयंत्रावरचा ताणही कमी होतो. ओळ टिकते.

ओळ ५. पल्ल्याचे कप्पे : ३२

३२ गुणिले ६, म्हणजे १९२ किलोमीटर. रात्री यापेक्षा दूर काही हाती लागणार नाही, कारण अंधार पडला की दूरदूरचे रेडिओ-आवाज आयनांबरावरून परावर्तित होऊन आत येतात आणि शेवटचे कप्पे आधी जातात.

तरीही लावणीच्या दिवसांत कप्पे ६४ करून पाहावेत, असं मी सुचवेन. डोक्यावर सुमारे ११० किलोमीटर उंचीवर आयनांबराचा एक थर अधूनमधून दाट होतो. तो थेट वरून उत्तर देतो तेव्हा अठराव्या कप्प्यात, जणू समुद्रातूनच, एक जाड पट्टा उमटतो. त्याहून वरचा थर २५० ते ३०० किलोमीटरवर असतो, म्हणजे बेचाळिसाव्या ते पन्नासाव्या कप्प्यात. ३२ कप्प्यांच्या पडद्यावर तो दिसतच नाही, पण त्याची गळती अलीकडे येऊ शकते. शत्रू कुठे आहे ते एकदा पाहून घ्यावं आणि मग रोजच्या कामासाठी ३२ वर परतावं.

ओळ ६. एका स्पेक्ट्रमसाठी स्वीप : १,०२४

पत्रकातली सर्वात महत्त्वाची ओळ हीच, आणि खंभातला ती अडखळते.

१,०२४ सेकंद म्हणजे १७ मिनिटं ४ सेकंद. इतका वेळ सलग ऐकलं की डॉप्लरची बारीक रेघ १/१,०२४ हर्ट्झची मिळते, वेगाच्या भाषेत सेकंदाला ३.३ सेंटिमीटर. उघड्या समुद्रावर प्रवाह १७ मिनिटांत जवळजवळ बदलत नाही. तिथे ही बारकाई खरी असते.

खंभातचं गणित करून पाहू. मुख्य चांद्र भरतीचं आवर्तन १२.४२ तासांचं. प्रवाहाचा कमाल वेग २.५ मीटर धरला, तर पाणी सर्वात वेगाने बदलतं ते प्रवाह शून्यावरून जाताना, म्हणजे भरती संपून ओहोटी सुरू होते त्या सुमारास. तेव्हा तासाभरात वेग सव्वा मीटरने बदलतो आणि १,०२४ सेकंदांत ३६ सेंटिमीटरने. रेघ ३.३ सेंटिमीटरची आणि मोजताना पाणी ३६ ने हललेलं! शिखर अकरा रेघांवर पसरतं. म्हणजे जी बारकाई आपण १७ मिनिटं थांबून विकत घेतली, ती भरतीने परत नेली. आणि ही फक्त एका बिंदूची गोष्ट झाली. असं फासलेलं शिखर दिशा शोधणाऱ्या गणिताकडे जातं तेव्हा वेगवेगळ्या दिशांचे वेग एकमेकांत मिसळतात आणि एका बाजूचा प्रवाह दुसऱ्या बाजूला दाखवला जातो.

मग किती वेळ ऐकावं? रेघेची रुंदी आणि त्या वेळात झालेला बदल जिथे समान होतात, तिथपर्यंतच थांबण्यात अर्थ आहे. ३३.६ मीटरला सर्वाधिक त्वरणाने भागून वर्गमूळ काढलं की सुमारे ३१० सेकंद येतात. यंत्राला दोनाचे घात सोयीचे, तेव्हा उमेदवार दोन : २५६ आणि ५१२. २५६ ला बदल ९ सेंटिमीटर आणि रेघ १३ ची, म्हणजे फासणं नाही पण रेघच जाड. ५१२ ला बदल १८ सेंटिमीटर आणि रेघ ६.६ ची, म्हणजे शिखर जेमतेम तीन रेघांवर पसरतं. सर्वाधिक त्वरण टिकतं ते प्रवाह वळण्याच्या आसपासचा थोडा वेळ. बाकीच्या वेळी, आणि भांगाच्या म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत तर जवळजवळ सदैव, ५१२ चं फासणं आणखी कमी असतं. म्हणून या ओळीचा खंभातसाठीचा पाठ मी ५१२ असा धरतो.

यावर कोणी म्हणेल की निम्मा वेळ ऐकल्याने दूरचा प्रतिध्वनी निम्म्याने दुबळा होईल. खरं आहे, तीन डेसिबल जातात. पण ते जातात ते शिखर स्थिर असतं तेव्हाच. अकरा रेघांवर पसरलेल्या शिखराला १,०२४ चा तो फायदा मिळतच नव्हता.

आणखी एक बारीक गोष्ट. रेडिओ परिषदेच्या ठरावाप्रमाणे रडारने आपली ओळख मोर्सच्या कडकट्टात सांगायची असते, आणि दोन ओळखींमध्ये २० मिनिटांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. १,०२४ सेकंद या मर्यादेत बसतात, २,०४८ बसत नाहीत. ५१२ चे दोन स्पेक्ट्रम झाले की एक ओळख, असा सोपा ताल जमतो. स्पेक्ट्रमच्या मध्येच ओळख देऊ नये. स्वीपची सलग मालिका तुटली की त्या स्पेक्ट्रमची रेघ बिघडते.

ओळ ७. कमाल रेडियल प्रवाह : सेकंदाला १०० सेंटिमीटर

रेडियल म्हणजे रडारकडे किंवा रडारपासून दूर जाणारा वेग. शिखर शोधताना सॉफ्टवेअरला सांगावं लागतं की मूळ जागेपासून किती अंतरापर्यंत शोधायचं. १०० सेंटिमीटर म्हटलं की दोन्ही बाजूंना ०.०३ हर्ट्झची चौकट मिळते. चौकटीबाहेर जे असेल ते प्रवाह नव्हे, असा त्याचा अर्थ.

उघड्या किनाऱ्यावर ही चौकट पुरते. खंभातला अडीच मीटरच्या प्रवाहाने शिखर ०.०७४ हर्ट्झने सरकतं, म्हणजे चौकटीच्या पार पलीकडे. रडार बिघडलेलं नसतं आणि प्रतिध्वनीही येत असतो, पण तो ऐकून सोडून दिला जातो. सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. भांगाच्या दिवसांत आणि पाणी वळताना शिखर चौकटीत असतं, त्यामुळे त्या वेळचे बाण नकाशावर नीट उमटतात. जोराच्या प्रवाहात भोकं पडतात. महिन्याची सरासरी काढली की एक संथ, सोज्वळ आखात दिसतं, आणि सरासरीत भोकांची जागा कुठे होती हे कोणी पाहत नाही. मच्छीमाराला, बंदराला, तेलाचा तवंग कुठे जाईल हे सांगणाऱ्याला नेमके तेच तास हवे असतात जे गळाले.

तर मर्यादा ३०० करावी. पण करताना जपावं लागतं. ३०० सेंटिमीटर म्हणजे ०.०८९३ हर्ट्झ, आणि ०.२१५६ मध्ये तेवढे मिळवले की ०.३०५ येतं. हा आकडा मूळ शिखराच्या √२ पट आहे. तिथेच दुय्यम प्रतिध्वनीचं, लाटा एकमेकांत मिसळून तयार होणारं शिखर बसलेलं असतं. प्रवाह शून्य असताना ३०० ची चौकट बरोबर त्याच्या अंगावर जाऊन टेकते. एरवी ते मुख्य शिखरापेक्षा बरंच बुटकं असतं. पण नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत लाटा उंच होतात. मुख्य शिखर एका उंचीवर थांबतं आणि दुय्यम वाढत राहतं. मग सॉफ्टवेअर त्यालाच प्रवाह समजून तीन मीटरचा एक भलता बाण काढू शकतं.

यावर उपाय चौकट पुन्हा आवळण्याचा नाही. मुख्य आणि दुय्यम शिखरांमध्ये एक दरी असते आणि सॉफ्टवेअरला ती शोधता येते. चौकट रुंद ठेवावी, पण शिखरावरून उतरताना पहिली दरी लागली की थांबायला सांगावं. संपूर्ण पाणी एकसारखं वाहत असेल तर दुय्यम शिखरही मुख्याबरोबरच सरकतं, त्यामुळे दरी कायम राहते. दरी बुजते ती एकाच कप्प्यात काही भाग वेगाने आणि काही हळू वाहत असला म्हणजे. दांडे आणि वाटा असलेल्या आखातात हे होणारच, तेव्हा अशा कप्प्यांचे स्पेक्ट्रम उधाणाला एकदा डोळ्यांनी पाहावेत. सेटिंगवर सोडून देऊ नयेत.

जाता जाता : आखातात प्रवाह मुख्यतः उत्तर-दक्षिण धावतो आणि केंद्रं पूर्व-पश्चिम किनाऱ्यांवर आहेत. दोघांना जोडणाऱ्या रेषेवर दोन्ही रडारं एकच, आडवा घटक पाहतात आणि मुख्य प्रवाह दोघांनाही दिसत नाही. ही भूमितीची मर्यादा कुठलीही ओळ बदलून जात नाही.

ओळ ८. रेडियल सरासरी : १८० मिनिटं, दर तासाला

सरासरी लागतेच. एकट्या स्पेक्ट्रममधली प्रत्येक रेघ इतकी अस्थिर असते की तिचं विचलन तिच्या सरासरीएवढं असतं. तीन स्पेक्ट्रम मिळवले की ते शेकडा ५८ वर येतं, सात मिळवले की ३८ वर. तीन तासांत १,०२४ चे दहा स्पेक्ट्रम मावतात आणि नकाशा गुळगुळीत होतो.

त्याची किंमत मात्र भरतीने चुकवायची. तीन तासांची सरासरी १२.४२ तासांच्या मुख्य भरतीची उंची शेकडा ९ ने कापते. एक तासाची सरासरी शेकडा १ ने. नऊ टक्के कदाचित कोणी सोसेल. पण उथळ आखातात भरतीची लाट वाकते, चढायला कमी आणि उतरायला जास्त वेळ घेते, आणि या वाकडेपणाचं आवर्तन ६.२१ तासांचं असतं. त्याला तीन तासांची सरासरी शेकडा ३४ ने कापते. गाळ कुठल्या दिशेला जाईल हे बरंचसं या वाकडेपणावर ठरतं. तो एक-तृतीयांश पुसून टाकलेला नकाशा गाळाच्या अभ्यासकाला फसवतो.

ओळ ६ चा पाठ ५१२ धरला की इथेही वाट निघते. तासात ५१२ चे सात स्पेक्ट्रम बसतात, ३,५८४ सेकंद. सातांची स्थिरता एका तासात मिळते, जी १,०२४ च्या हिशेबाने मिळवायला दोन तास लागले असते. उरलेल्या १६ सेकंदांत ओळखीचे मोर्स संकेत बसवायचे. ते फारच दाटीचं वाटलं तर सातवा स्पेक्ट्रम सोडावा, पण तासाची सीमा ओलांडू नये.

ओळ ९. जीपीएस विलंब : केंद्र एक ०, केंद्र दोन ४ मिलिसेकंद

दोन्ही केंद्रं एकाच वारंवारितेवर बोलतात, तरी एकमेकांत मिसळत नाहीत ते या ओळीमुळे. दुसऱ्याचा स्वीप ४ मिलिसेकंद उशिरा सुरू होतो. पहिल्याच्या हिशेबात तो १०० हर्ट्झ दूर, म्हणजे ६०० किलोमीटरवर दिसतो आणि ३२ कप्प्यांच्या बाहेर पडतो. दुसऱ्याच्या हिशेबात पहिला उणे बाजूला पडतो. घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकलं तर पल्ला १५० मीटरने चुकेल, आणि जीपीएस त्याहून कितीतरी अचूक असतं. मात्र जीपीएसचा अँटेना माडाखाली किंवा पत्र्याखाली लावू नये. उपग्रह सुटले की घड्याळ हळूहळू वाहवतं आणि शेजारचं केंद्र एक दिवस आपल्या नकाशात समुद्र म्हणून उगवतं.

ओळ १०. वेळेचा शिक्का : यूटीसी

एवढंच लिहिलेलं पुरत नाही. तासाभराच्या सरासरीवर शिक्का सुरुवातीचा, मध्याचा की शेवटचा? दोन केंद्रांनी वेगवेगळी रीत धरली तर निदान अर्ध्या तासाचा फरक पडतो. मुख्य भरतीच्या कलेत तो साडेचौदा अंशांचा आणि पाणी वळताना सेकंदाला ६० सेंटिमीटरहून अधिक असतो. एका केंद्राचा रेडियल दुसऱ्याच्या अर्धा तास जुन्या रेडियलशी जोडला गेला की बाणाची दिशाच फिरते. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्याने यूटीसीचा पूर्ण तास आपल्या घड्याळात साडेच्या ठोक्याला पडतो. बंदरातल्या भरतीच्या नोंदीशी तुलना करताना याच अर्ध्या तासाचा घोळ होण्याची भीती असते. ओळ अशी लिहावी : यूटीसी, सरासरीच्या कालखंडाचा मध्य.

जी ओळ पत्रकात नाही : पाण्याची खोली

पहिल्या ओळीत आपण लाटेचा वेग ७.२४ मीटर धरला तो खोल पाण्यातला. ३३.६ मीटरच्या लाटेला खोल म्हणजे तिच्या निम्म्या लांबीपेक्षा, सुमारे १७ मीटरपेक्षा जास्त पाणी. उघड्या समुद्रावर हा प्रश्नच येत नाही, म्हणून पत्रकात ओळही नाही.

आखातात दांड्यांवर ओहोटीला १० मीटर पाणी असेल तर तीच लाट ७.०७ मीटरने चालते. सॉफ्टवेअर ७.२४ वजा करत राहतं आणि १७ सेंटिमीटरचा खोटा प्रवाह तयार होतो. येणाऱ्या लाटांच्या शिखरावरून काढला तर तो रडारपासून दूर जाणारा दिसतो, जाणाऱ्या लाटांच्या शिखरावरून काढला तर रडारकडे येणारा. भरती आली, पाणी सात मीटर चढलं की हीच चूक सेंटिमीटरभर उरते. म्हणजे चूक स्वतःच भरतीच्या तालावर चढते-उतरते, आणि भरतीचं विश्लेषण करणारा ती खऱ्या भरतीत मोजतो. उथळ कप्प्यांत दोन्ही शिखरं परस्परविरुद्ध उत्तरं देतात का, हे तपासणं हा तिला पकडण्याचा सोपा मार्ग आहे. देतात, तर त्या कप्प्यांना नौकानयन नकाशातली खोली द्यावी, तिच्यात त्या तासाची भरतीची उंची मिळवावी आणि लाटेचा वेग प्रत्येक तासाला नव्याने काढावा.